बार्बादियो तुरुंगाचा भित्तिपट: गावच्या वाचनालयात कसा करावा

पेरू देशाची राजधानी लिमा. शहराच्या पूर्वेला आते नावाचा भाग आहे. तिथे पोलिसांच्या विशेष कारवाई दलाचं मोठं आवार आहे आणि त्या आवारात बार्बादियो नावाचा छोटासा तुरुंग. २००७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्यासाठी तो सुरू झाला. पुढे ओयांता उमाला, आलेहांद्रो तोलेदो आणि पेद्रो कास्तियो हे तीन माजी राष्ट्राध्यक्षही तिथेच आले. देशाच्या माजी प्रमुखांसाठी वेगळा तुरुंग आणि त्यात एकाच वेळी तिघे, असं जगात फार क्वचित दिसतं.

हा विषय अभ्यासिकेतल्या मुलांना किंवा आठवी ते दहावीच्या वर्गाला नुसता सांगितला तर अर्ध्या तासात गप्पांवर जातो. ‘चोर होते, आत गेले’ एवढंच लक्षात राहतं. खरी गोष्ट पुढेच राहते. एकाच छपराखाली एक जण शिक्षा भोगत होता, दुसऱ्यावर अजून आरोपपत्रही नव्हतं, आणि एकाला माफी मिळून ती पुन्हा रद्द झाली होती. कोण कोणत्या दिवशी कोणत्या कागदावर आत होता, हे डोळ्यांना दिसलं की मगच कायदा कळतो. त्यासाठी भित्तिपट हवा. प्रोजेक्टर नको, कारण संध्याकाळी नेमकी लाईन जाते.

सामान

पांढरे ड्रॉइंग पेपर, २२ × २८ इंची, चार. तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळतात. गुंडाळी करून आणा, घडी घालू देऊ नका. मांजरपाट तीन मीटर. घोटीव कागद लाल एक, पिवळा एक, हिरवा अर्धा. मैदा ५० ग्रॅम आणि चिमूटभर मोरचूद. बांबूच्या दोन कमच्या, प्रत्येकी साडेनऊ फूट. बुरडाकडून तासून घ्या, म्हणजे काटे कागदाला लागत नाहीत. सुतळी, मार्कर, पेन्सिल आणि गवंड्याचा स्टीलचा टेप. शिंप्याचा कापडी टेप वापरू नका. जुना झाला की तो ताणला जातो आणि तीन मीटरच्या पटात सेंटिमीटरभराचा फरक पाडतो. या पटात एक सेंटिमीटर म्हणजे एक महिना, त्यामुळे तेवढा फरक परवडत नाही.

जमीन तयार करणं

मांजरपाट आदल्या दिवशी धुऊन वाळवा. कोरं मांजरपाट ओल्या खळीने आकसतं आणि कागदाला सुरकुत्या पाडतं. पट बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. वाळल्यावर इस्त्री करा.

खळ अशी करा: ५० ग्रॅम मैदा आधी अर्ध्या कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग उकळत्या साडेतीनशे मिलीलीटर पाण्यात ओतून मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळा. पांढरी खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गार झाल्यावर मोरचूद कोमट पाण्यात विरघळवून घाला. मोरचूद विषारी आहे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नये. पण घातल्याशिवाय राहू नका, कारण नुसत्या मैद्याच्या खळीवर पावसाळ्यात बुरशी चढते आणि कसर लागते.

चारही कागद आडवे ठेवून, प्रत्येक सांध्यावर दोन सेंटिमीटर चढवून मांजरपाटावर चिकटवा. एकूण लांबी २७८ सेंमी येते, उंची ५६. दहा फुटी भिंतीवर बसतो. वरून जुनी चादर टाकून त्यावर पाट्या, पुस्तकं ठेवा आणि रात्रभर राहू द्या. एप्रिल-मे महिन्यात उन्हात वाळवायचा मोह होतो, तो टाळा. आपल्याकडच्या उन्हात कागद एका बाजूने झटक्यात वाळतो आणि पापडासारखा वळतो. सावलीत, पंख्याशिवाय वाळला पाहिजे.

आखणी

आखणी कागद जोडल्यानंतरच करायची. सुट्या कागदांवर आधी आखून मग जोडले तर प्रत्येक सांध्यावर दोन महिने गिळले जातात.

डावीकडून ३० सेंमी नावांसाठी सोडा. तिथे उभी रेघ मारा; ही १ जानेवारी २००७, म्हणजे शून्य. तिथून दर १२ सेंमीवर एक वर्ष. प्रत्येक वर्षाची खूण शून्यापासूनच मोजा (१२, २४, ३६ …), मागच्या खुणेपासून नाही. मागच्यापासून मोजलं की दर वेळची मिलीमीटरभर चूक साचत जाते आणि २०२५ पर्यंत दोन महिन्यांवर जाते. २०२५ चा शेवट २२८ वर येतो. त्यापुढे उजवीकडे २० सेंमी उरतात, ते कोरे ठेवा.

उंचीची वाटणी: वर ७ सेंमी शीर्षक आणि वर्षं, मग ८-८ सेंमीच्या चार ओळी, खाली १२ सेंमीची ‘न्यायालय’ पट्टी, उरलेले ५ सेंमी कडेला. कागदी पट्ट्या ५ सेंमी रुंदीच्या कापा, म्हणजे प्रत्येक ओळीत तारीख लिहायला ३ सेंमी उरतात.

रंगांचा अर्थ

पिवळा म्हणजे कच्चा कैदी. खटला किंवा तपास चालू आहे, दोष सिद्ध नाही. लाल म्हणजे पक्का कैदी, न्यायालयाने शिक्षा सुनावलेला. अपील चालू असलं तरी पहिल्या न्यायालयाच्या निकालापासून लाल धरायचं, आणि तसं पटाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. नाहीतर ‘अपिलात आहे, मग लाल का’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. हिरवी बारीक कड म्हणजे माफी. लाल पट्टीवर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारा. काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही, त्यांना रेघांवरून कळतं.

लाल पट्टी एकूण सुमारे २०३ सेंमी लागते, पिवळी ६६. एकेक कागद पुरतो. घोटीव कागदाला ओली खळ लावू नका, लाल रंग पाझरून शेजारच्या पिवळ्यात उतरतो. इथे गोंदाची कांडी वापरा.

पहिली ओळ: फुजिमोरी

ही ओळ सगळ्यात अवघड, म्हणून आधी घ्या.

फुजिमोरी १९९० ते २००० राष्ट्राध्यक्ष होते. २००० च्या नोव्हेंबरात जपानला जाऊन त्यांनी तिथून फॅक्सने राजीनामा पाठवला. २००५ मध्ये चिलीत पकडले गेले आणि २२ सप्टेंबर २००७ ला पेरूच्या ताब्यात आले. पट्टी शून्याच्या रेघेपासून ८.७ सेंमीवर सुरू होते (पुढचे आकडेही असेच शून्यापासूनचे). पिवळा भाग मात्र फक्त २.७ सेंमीचा. इथे बहुतेक जण चुकतात आणि पिवळा रंग २००९ पर्यंत ओढतात, कारण एप्रिल २००९ चा निकाल गाजलेला आहे. पण डिसेंबर २००७ मध्येच एका बेकायदा झडतीच्या प्रकरणात अधिकाराच्या गैरवापराबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. म्हणून ११.४ पासून लाल.

७ एप्रिल २००९ ला (२७.२ वर) काळी उभी रेघ मारा. त्या दिवशी २५ वर्षांची शिक्षा झाली. प्रकरणं दोन. १९९१ मध्ये लिमातल्या बारियोस आल्तोस वस्तीत १५ जणांना ठार केलं गेलं. १९९२ मध्ये ला कांतुता विद्यापीठातून नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांना उचलून नेऊन मारलं. हे काम लष्कराच्या गुप्त पथकाचं होतं आणि त्याची जबाबदारी न्यायालयाने राष्ट्राध्यक्षावर ठेवली. ही ओळ लिहिताना घाई करू नका, मेलेल्यांचे आकडे खालच्या पट्टीत ठळक लिहा. पट तुरुंगाचा असला तरी तो तुरुंग कशामुळे लागला ते याच दोन तारखांत आहे.

लाल पट्टी १३१.८ वर थांबते. २४ डिसेंबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुचिन्स्की यांनी माफी दिली. तिथून हिरवी कड १४१.१ पर्यंत, ३ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने माफी रद्द केली. १४१.१ ते १४४.७ या साडेतीन सेंमीत पट्टी चिकटवू नका, तुटक रेघ काढा. या काळात ते पहाऱ्यात, पण दवाखान्यात होते. २०१९ च्या जानेवारीअखेर पुन्हा बार्बादियोत. १४४.७ ते २०३.२ लाल. ६ डिसेंबर २०२३ ला सुटका, ११ सप्टेंबर २०२४ ला मृत्यू (२१२.३ वर लहान खूण).

उमाला, तोलेदो, कास्तियो

उमाला २०११ ते २०१६ राष्ट्राध्यक्ष. १२६.५ ते १३६ अशी साडेनऊ सेंमीची पिवळी पट्टी: जुलै २०१७ ते एप्रिल २०१८. न्यायालयाने १८ महिन्यांची प्रतिबंधात्मक कोठडी दिली होती, तेव्हा आरोपपत्रही दाखल नव्हतं. घटनात्मक न्यायालयाने ती मधेच उठवली. मग सात वर्षं कोरी जागा. १५ एप्रिल २०२५ ला निवडणुकीसाठी घेतलेला पैसा लपवल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा झाली आणि २१९.५ पासून लाल सुरू होतो. कोऱ्या जागेत ‘बाहेर, खटला चालू’ असं जरूर लिहा, नाहीतर बघणारा निर्दोष सुटले असं समजतो. त्यांच्या पत्नी नादिने एरेदिया यांनाही तेवढीच शिक्षा झाली. त्या ब्राझीलच्या वकिलातीत गेल्या आणि तिथून ब्राझीलला. त्यांची पट्टी इथे येत नाही.

तोलेदो २००१ ते २००६. अमेरिकेतून ताबा मिळून २३ एप्रिल २०२३ ला आले. १९५.७ ते २१३.७ पिवळा, बरोबर १८ सेंमी. २१ ऑक्टोबर २०२४ ला २० वर्षं ६ महिन्यांची शिक्षा, तिथून लाल. ओदेब्रेक्त या ब्राझीलच्या बांधकाम कंपनीला महामार्गाचं काम देण्यासाठी लाच घेतल्याचा गुन्हा. खालच्या पट्टीत डिसेंबर २०१६ ला (११९.७ च्या आसपास) ओदेब्रेक्तची खूण हवी. कंपनीने अमेरिकेत कबूल केलं की बारा देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर लाच वाटली, त्यातले २ कोटी ९० लाख पेरूत. ही एक खूण घातली की उजवीकडची निम्मी गर्दी का झाली ते आपोआप कळतं.

कास्तियो खेड्यातले शिक्षक, शिक्षक संपाचे पुढारी, २०२१ मध्ये निवडून आले. ७ डिसेंबर २०२२ ला त्यांनी संसद बरखास्त करत असल्याची घोषणा केली. काही तासांत संसदेने १०१ मतांनी त्यांना पदावरून काढलं आणि त्याच दिवशी अटक झाली. १९१.२ ते २२६.९ असा ३५.७ सेंमीचा पिवळा पट्टा, पटावरचा सगळ्यात लांब पिवळा. २७ नोव्हेंबर २०२५ ला साडेअकरा वर्षांच्या आसपासची शिक्षा झाली, म्हणून टोकाला सेंटिमीटरभर लाल. मुलांना या ओळीपुढे थांबवा. जवळजवळ तीन वर्षं माणूस कच्चा कैदी होता. आपल्याकडे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पेरूत साध्या प्रकरणात कोठडीची मुदत नऊ महिने, गुंतागुंतीच्या प्रकरणात १८ आणि संघटित गुन्हेगारीत ३६ महिने. दोन्हींची तुलना करायला लावा. आपल्याकडेही आरोपपत्र आल्यानंतर खटला संपेपर्यंत वर्षानुवर्षं आत राहणारे आहेत, हेही मुलं बोलून दाखवतील, बोलू द्या.

ज्यांची पट्टी लावायची नाही

माजी राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया यांना १७ एप्रिल २०१९ ला पोलीस अटक करायला आले तेव्हा त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते बार्बादियोत कधी गेलेच नाहीत. खालच्या पट्टीत तारीख आणि नाव, एवढंच. वर्गात लहान मुलं असतील तर तपशिलात जाऊ नये. कुचिन्स्की घरातच स्थानबद्ध होते, त्यांचीही फक्त खूण. आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष मार्तिन विस्कारा यांना ऑगस्ट २०२५ मध्ये कोठडी आणि नोव्हेंबरात १४ वर्षांची शिक्षा झाली. कोठडीच्या काळात त्यांना बार्बादियोतून दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं, म्हणून या पटावर पट्टीऐवजी दोन खुणा पुरेत.

वालेन्तिन पानियाग्वा आणि फ्रान्सिस्को सागास्ती यांची नावंही एका कोपऱ्यात लिहा. दोघेही हंगामी राष्ट्राध्यक्ष, दोघांपैकी कोणीही तुरुंगात गेला नाही. ‘तिथले सगळेच राष्ट्राध्यक्ष जेलात जातात’ हे वाक्य सत्रात हमखास येतं, त्याला उत्तर भिंतीवरच असावं.

आणखी एक गल्लत. शायनिंग पाथ या सशस्त्र संघटनेचा पुढारी आबिमाएल गुस्मान हा कायाओच्या नौदल तळावरच्या तुरुंगात होता. तो तुरुंग वेगळा. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

सत्र कसं घ्यावं

कापूस वेचणी चालू असेल तर साडेसातच्या आत कोणी बसत नाही. दीड तास धरा. पहिली दहा मिनिटं पेरूच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल: तो स्वतः सरकार चालवतो, आपल्या राष्ट्रपतींसारखा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत नाही, मुदत पाच वर्षं, कास्तियोंच्या वेळी संसदेत १३० सभासद होते, आणि त्यातल्या ८७ जणांनी ‘नैतिकदृष्ट्या अक्षम’ ठरवलं की पद जात असे. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

मग पटासमोर सुतळीला छोटा दगड बांधून ओळंबा धरा. एक तारीख सांगा, मुलाने ओळंबा त्या जागी धरायचा आणि आडव्या ओळी वाचायच्या. तारखा अशा निवडा:

१५ ऑगस्ट २०१७: फुजिमोरी लाल, उमाला पिवळा.
१ जून २०१८: एकही पट्टी नाही.
१ नोव्हेंबर २०२३: तिघे. फुजिमोरी लाल, तोलेदो, कास्तियो पिवळे.
१ जानेवारी २०२५: तोलेदो लाल, कास्तियो पिवळा.

प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: या दिवशी हा माणूस दोषी ठरलेला होता का? १ जूनच्या रिकाम्या जागेवर मुलं गोंधळतात, आखणी चुकली असं त्यांना वाटतं. तिथे घाई न करता वर-खाली बघायला लावा. माफी आणि कोठडी उठणं या दोन वेगळ्या कारणांनी ती जागा रिकामी झाली आहे, हे त्यांचं त्यांनी शोधलं पाहिजे.

मोठी माणसं बसली असतील तर चर्चा दोन ठिकाणी घसरते. एक, गावच्या राजकारणावर. सुरुवातीलाच सांगून टाका की इथल्या कुठल्याही पक्षाचं, माणसाचं नाव आज घ्यायचं नाही. सरपंच बसले असले तरी सांगा. दुसरी घसरण जास्त विचार करण्यासारखी आहे. कोणीतरी म्हणेल, ‘नेते तुरुंगात जाणं म्हणजे मोठेपणच. विनोबा गेले, नेहरू गेले.’ यासाठी एक सुटा कागद तयार ठेवा. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि ते तुरुंगात गेले. १९४२ ते १९४५ नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात होते, गांधीजी १९४४ च्या मेपर्यंत पुण्याच्या आगाखान महालात. ब्रह्मदेशचे राजे थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत. नागपूरचे आप्पासाहेब भोसले यांना इंग्रजांनी १८१८ मध्ये पदच्युत करून अलाहाबादकडे नेलं, ते वाटेतच निसटले. किल्ल्यातले नेते आणि दोन्ही राजे यांच्यापुढे ना आरोपपत्र, ना वकील, ना निकाल. परक्या सत्तेने हुकमावर डांबलं. बार्बादियोतल्या चौघांपुढे त्यांच्याच देशाचं न्यायालय होतं, वकील होते, अपील होतं. हा कागद पटाच्या शेजारी लावा, पटावर नाही. एकाच रांगेत आणलं की दोन्हींवर अन्याय होतो.

‘पण त्यांना वेगळा तुरुंग कशाला, सामान्य माणसाला मिळतो का?’ हा प्रश्न आला तर तो दाबू नका. वेगळ्या जागेचं एक कारण सुरक्षिततेचं आहे: माजी राष्ट्राध्यक्षाच्याच कारकिर्दीत आत गेलेले लोक साध्या तुरुंगात भरलेले असतात, आणि पेरूचे तुरुंग खचाखच आहेत. पण फुजिमोरी तिथे बाग करत होते, चित्रं काढत होते, हेही खरं आहे. पेरूच्या लोकांतही यावर वाद आहे. दोन गट करून दहा-दहा मिनिटं बोलू द्या, निकाल देऊ नका.

टांगणं, जपणं, वाढवणं

वरच्या-खालच्या कडेला मांजरपाट दुमडून शिवा आणि त्यात कमच्या सरकवा. भिंतीला चिकटवू नका. मातीच्या भिंतीतून वाळवी थेट मांजरपाटात शिरते, सिमेंटच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. सुतळीने खिळ्यावर टांगा, मागे दोन बोटं हवा खेळू द्या. जूनच्या पहिल्या पावसाआधी उतरवून खालच्या कमचीभोवती सैल गुंडाळा, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. आतल्या बाजूला ठेवून गुंडाळलं तर उलगडताना घोटीव पट्ट्यांच्या कडा उचलतात. गुंडाळीत वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका आणि ती उभी न ठेवता माळ्यावर आडवी ठेवा.

उजवीकडचे २० सेंमी म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंतची जागा. त्यात नवी पट्टी लगेच चिकटवू नका. सुटका, अपिलाचा निकाल, माफी, बदली यांपैकी काहीही आधी पेन्सिलीने नोंदवा, दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत किंवा खुद्द न्यायालयाच्या निकालात तारीख पडताळा, मगच रंग द्या. अपिलात कोणी निर्दोष सुटला तर लाल पट्टी फाडून काढू नका. तिच्यावर निकालाच्या तारखेची काळी रेघ मारा आणि पुढे ‘अपिलात निर्दोष’ असं लिहा. तो माणूस तेवढे दिवस शिक्षा भोगत आत होता, हे पटावर राहिलंच पाहिजे.